दोघांची भिंत

मागच्या चैत्रात आमच्या गल्लीत एक बैठक झाली. गल्लीच्या आमच्या बाजूला ओळीने बारा घरे आहेत. नऊ घरांचे मालक सतरंजीवर हजर होते, दोघांनी मुंबई-पुण्याहून फोनवर संमती कळवली होती, आणि एक घर कोर्टात असल्यामुळे त्याचा मालक कोण हेच अजून ठरायचे आहे. विषय एकच. बाराही घरे पाडायची, त्या जागी पाच मजली इमारत उभी करायची, आणि प्रत्येकाने एक सदनिका व वर काही रोख रक्कम घेऊन गप्प बसायचे. बैठकीला समजावून सांगायला आलेला तरुण अभियंता माझाच विद्यार्थी. दहावीला भूमितीत पैकीच्या पैकी गुण घेतलेला. त्याने नकाशा पसरला आणि म्हणाला, "सर, स्पष्टच बोलतो. ही घरं नव्हेतच. एकमेकांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या बारा चुका आहेत. जगात कुठेही असली घरं आता ठेवत नाहीत."

पहिल्या वाक्याला मीही हसलो. वाक्य चांगले होते. दुसऱ्या वाक्याने मात्र मला रात्रभर झोप लागली नाही. कारण ते साफ खोटे आहे, आणि खोटे विधान ठासून कसे करावे हे त्याला वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीत मीच शिकवले होते.

म्हणून हा लेख. संपादकांनी माझ्याकडे शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. त्या पुढच्या वर्षी देईन. पुढच्या वर्षी गल्ली राहील की नाही याची खात्री नाही.

आधी 'जगात कुठेही' या दोन शब्दांचा हिशेब करू. भिंतीला भिंत लावून ओळीने घरे बांधण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या देशाने सर्वांत मनापासून राबवली तो देश इंग्लंड. आज इंग्लंडात उभ्या असलेल्या घरांपैकी चौथा हिस्सा, किंबहुना थोडी अधिकच, घरे अशी रांगेतली आहेत. दर पाच घरांतले सुमारे एक घर १९१९ च्या आधीचे आहे. म्हणजे आमचा अभियंता ज्यांना चुका म्हणतो, तसल्या चुकांमध्ये आज रात्री लक्षावधी माणसे जेवून-खाऊन निवांत झोपणार आहेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी लिव्हरपूलला परिचारिका आहे. ती असल्याच एका घरात भाड्याने राहते. मी कळवल्यावरून तिने टेप लावून घराचा दर्शनी भाग मोजला. चौदा फूट. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, मागे छोटेसे अंगण आणि अंगणापलीकडे बोळ. तिने लिहिले, "सर, आपल्या गल्लीसारखंच आहे. फक्त कट्टा नाही."

हे चौदा फूट आकाशातून पडले नव्हते. गिरण्यांच्या शहरांत त्याआधी जी घरे बांधली गेली ती खरोखरच चुका होत्या. पाठीला पाठ लावून बांधलेली, तिन्ही बाजूंनी बंद, वारा यायला एकच दार आणि एकच बाजू. पन्नास माणसांत दोन संडास. पटकीच्या साथी आल्या, माणसे मेली, तेव्हा सरकारला जाग आली. १८७५ साली सार्वजनिक आरोग्याचा मोठा कायदा झाला आणि १८७७ साली नगरपालिकांना नमुन्यादाखल उपविधी देण्यात आले. त्यातली कलमे वाचताना माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराला गहिवरून येते. नवा गाडीरस्ता छत्तीस फुटांपेक्षा अरुंद नको. प्रत्येक घरामागे घराच्या पूर्ण रुंदीएवढी, किमान दीडशे चौरस फूट, उघडी जागा हवी. खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश खिडकी हवी. जोत्यावर ओल अडवणारा थर हवा. ही काही महालाची कलमे नव्हेत. गिरणीतल्या कामगाराच्या घरात ऊन, वारा आणि कोरडी भिंत पोचावी म्हणून केलेला हिशेब आहे. त्याआधीच काचेवरचा कर १८४५ मध्ये, विटांवरचा १८५० मध्ये आणि खिडकीपट्टी १८५१ मध्ये उठली होती. कर उठला, रेल्वेने वेल्सच्या खाणींतली पाटी स्वस्तात गावोगाव पोचवली, आणि रांगा उठल्या.

आमचे लोक 'ब्रिटिशकालीन' म्हणताच हात जोडतात किंवा दात-ओठ खातात. दोन्ही करू नयेत. कलमे वाचावीत.

या घराची खरी गंमत भिंतीत आहे. दोन घरांच्या मधली भिंत नऊ इंच विटांची, आणि ती दोघांची. छपराच्या आडव्या तुळया या भिंतींवर टेकतात. दोन्ही घरांच्या शेगड्या याच भिंतीला पाठ लावून असतात आणि दोघांचा धूर छपरावर एकाच धुराड्यातून बाहेर पडतो. थंडी बोचते ती फक्त पुढच्या आणि मागच्या भिंतीला. उरलेल्या दोन बाजूंना शेजाऱ्याची ऊब. ज्याला मधले घर मिळाले त्याचा कोळसा वाचला, टोकाच्या घराला मात्र तिसरी बाजूही थंडीला द्यावी लागे. आज ऊर्जा वाचवा म्हणून आपण शाळेत फलक रंगवून घेतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने ती भिंतीतच वाचवून ठेवली होती, फलक न रंगवता.

आणि ही भिंत नुसती विटांची नसते, कायद्याचीही असते. १६६६ साली लंडन जळले. पुढच्याच वर्षी कायदा झाला की घरे विटांची किंवा दगडाची हवीत आणि मधली भिंत आग अडवेल इतकी जाड हवी. तेव्हापासून त्या देशात शेजाऱ्याच्या भिंतीचा विचार सुरू आहे. १९९६ च्या तिथल्या कायद्यानुसार सामाईक भिंतीला हात लावायचा तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी कळवावे लागते. आता आमचे लोक म्हणतील, ते इंग्लंड झाले. मंडळी, आपल्याकडे १८८२ सालचा सुविधाधिकाराचा कायदा आहे. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला आणि आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. शेजाऱ्याच्या जमिनीचा किंवा भिंतीचा आधार तुमच्या घराने वीस वर्षे बिनतक्रार, अखंड, हक्काने घेतला असेल तर तो आधार हा तुमचा हक्क होतो, असे त्यात आहे. आमच्या बारा घरांनी एकमेकांचा आधार शंभराहून अधिक वर्षे घेतला आहे. बैठकीत या कायद्याचा उच्चारही झाला नाही. चटई क्षेत्राचा मात्र सतरा वेळा झाला. मी मोजले. मास्तरांना मोजायची सवय असते.

हे सांगताना मी त्या घरांचा भाट झालो, असे कुणी समजू नये. लीड्स शहराने पाठीला पाठ लावलेली घरे बांधणे १९३७ पर्यंत सोडले नव्हते. तिथले घरमालक काही साधुसंत नव्हते. चांगल्या रांगांतही संडास परसात होता, नळ एकच होता, आणि कोळशाच्या धुराने पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होई. पुढची खोली ठेवणीतली म्हणून बंद ठेवायची आणि सगळ्या कुटुंबाने मागच्या खोलीत दाटीवाटीने बसायचे, हा तिथल्या गरीब घरांचा खास वेडेपणा. आपल्याकडे सोफ्यावर प्लास्टिकचे आवरण घालणाऱ्यांनी त्याला हसू नये.

पण मुद्दा वेगळा आहे. असली घरे पाडण्याचा प्रयोग त्या देशाने आमच्याआधी, आमच्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर आणि सरकारी खर्चाने करून पाहिला आहे. त्याचे काय झाले हे आमच्या अभियंत्याला ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

लिव्हरपूल शहरात वेल्समधून आलेल्या लोकांची मोठी वस्ती होती. त्यांची भाषा वेगळी, देऊळ वेगळे, गाणी वेगळी. वेल्स तिथून जवळच, पण शहर इंग्रजांचे. आपल्या वाचकांना ही स्थिती समजावून सांगायला नको. वेल्श भाषेतले वर्तमानपत्र १८४३ मध्ये याच शहरातून निघू लागले. त्यांचे राष्ट्रीय साहित्य-संगीत संमेलन वेल्सची हद्द ओलांडून १८८४ साली, १९०० साली आणि १९२९ साली इथे भरले. आणि या मंडळींचा मोठा धंदा कोणता? घरबांधणी. गवंडी वेल्श, सुतार वेल्श, ठेकेदार वेल्श, छपरावरची पाटी वेल्श. रिचर्ड ओवेन्स नावाच्या वेल्श वास्तुकाराने १८७० च्या दशकात टॉक्स्टेथ भागात रांगांचे रस्ते आखले आणि त्यांना आपल्या मुलखातली नावे दिली गेली: मॅड्रिन, व्होलास, पाउइस, ग्विडिर. परमुलखात जाऊन आपल्या गावांची नावे रस्त्यांना देणाऱ्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटते. का ते आपण जाणताच.

याच वस्तीवर २००२ साली कुऱ्हाड आली. उत्तर आणि मध्य इंग्लंडातल्या नऊ भागांत 'घरांच्या बाजाराचे पुनरुज्जीवन' नावाची सरकारी योजना सुरू झाली. नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुनरुज्जीवन घरांचे नव्हे, घरांच्या बाजाराचे! किमती पडल्या, तेव्हा घरेच जास्त झाली आहेत, ती कमी करा, असे ते तर्कशास्त्र. २०११ साली योजना गुंडाळेपर्यंत दोन अब्ज पौंडांहून अधिक पैसा ओतला गेला आणि तीस हजारांच्या आसपास घरे जमीनदोस्त झाली. नवी बांधली गेली ती त्याहून फार कमी. जी पाडायची होती ती आधी रिकामी करण्यात आली. दारे-खिडक्या पत्रे ठोकून बंद करण्यात आल्या. रिकाम्या घराचे छप्पर गळू लागले, आणि मग अधिकारी ओलीकडे बोट दाखवून म्हणू लागले, बघा, ही घरे कशी कुजकी आहेत. एखाद्याला महिनाभर उपाशी ठेवायचे आणि मग हा अशक्त आहे म्हणून नोकरीवरून काढायचे, त्यातला प्रकार. वेल्श नावांच्या त्या रस्त्यांपैकी पाउइस रस्ता इतका छान ओस पडला की जुन्या काळावरच्या एका दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण तिथे झाले. राहायला नालायक, चित्रीकरणाला लायक.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. मॅड्रिन रस्त्यावरच्या नऊ क्रमांकाच्या घरात १९४० साली बीटल्समधला रिंगो स्टार जन्मला. तेव्हा आरडाओरड झाली आणि २०१२ मध्ये रिंगोच्या घरासकट त्या रस्त्यावरची मोजकी घरे वाचवायचे ठरले, बाकीची पाडायची. आपल्याकडचे वारसाप्रेमी असेच करतात. थोर पुरुषाचा वाडा वाचवायचा, पाटी लावायची, हार घालायचा, आणि त्या वाड्यासमोरची सगळी आळी साफ करायची. पण रांगेतले घर एकटे वाचवता येत नाही हो! त्याची डावी भिंत डावीकडच्याची, उजवी भिंत उजवीकडच्याची. ओळीतला एक दात ठेवून बाकीची कवळी बसवावी तसे ते दिसणार. सुदैवाने तिथले रहिवासी हे ओळखून होते. ते भांडत राहिले. २०१५ च्या जानेवारीत सरकारने पाडकामाला परवानगी नाकारली आणि २०१७ पासून तीच घरे दुरुस्त होऊन पुन्हा भाड्याने जाऊ लागली. कुठे दोन अरुंद घरे मधली भिंत उघडून एक केली, कुठे मागची अंगणे एकत्र केली. त्याच भिंती, तीच छपरे. ज्यांना कुजकी म्हटले होते, ती.

जवळच्याच ग्रॅन्बी भागातली हकीकत तर मला आणखी प्रिय आहे. १९८१ च्या दंगलीनंतर तो भाग सरकारने जवळजवळ टाकून दिला होता. रस्ते एकामागून एक रिकामे झाले. उरलेल्या मूठभर रहिवाशांनी, त्यांत बायकाच पुढे, झाडू हातात घेतला. बंद घरांच्या पत्र्यांवर रंगाने पडदे आणि फुलदाण्या काढल्या, रस्त्यावर कुंड्या मांडल्या, महिन्याचा बाजार भरवला. २०११ साली त्यांनी जमीन सामुदायिक मालकीने धरणारी विश्वस्त संस्था काढली आणि तरुण वास्तुकारांच्या एका गटाला हाताशी धरून केर्न्स रस्त्यावरची दहा घरे उभी केली. पाडलेल्या घरांचा राबिट वाया न घालवता त्यातून शेगडीभोवतीच्या चौकटी ओतल्या. २०१५ साली त्या गटाला टर्नर पारितोषिक मिळाले, म्हणजे ब्रिटनमधले कलेचे नामांकित पारितोषिक. चित्राला नाही, शिल्पाला नाही, रांगेतली जुनी घरे राहती केली म्हणून.

तेव्हा 'जगात कुठेही ठेवत नाहीत' हे वाक्य माझ्या विद्यार्थ्याने मागे घ्यावे. जगाने पाडून पाहिले आणि मग डोक्याला हात लावला, असे म्हणावे.

परदेशचे दाखले पुरेत म्हणाल, तर घरचे देतो. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हेतू चांगला होता. पण घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा जास्त. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली आणि जी दाटी मोडायची होती ती एक रस्ता पलीकडे सरकली. पुढे स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस इकडे आले. एडिंबरोत लग्नानंतर लवकरच बायकोसह जुन्या दाटीच्या वस्तीत राहायला गेलेला आणि ती वस्ती खोली-खोलीने दुरुस्त करणारा हा माणूस. १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होता. आपल्या मराठी तंजावरबद्दल लिहिताना त्याने शस्त्रक्रियेची उपमा दिली. अंग वाचवणारी शस्त्रक्रिया. जे खरोखर सडले तेवढेच कापा, बाकीच्याला वारा द्या. इंदूरच्या होळकर दरबारासाठी त्याने १९१८ साली दोन खंडांचा अहवाल लिहिला. त्या सुमारास इंदुरात त्याने दिवाळीची मिरवणूकच ताब्यात घेतली आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्लीत जास्तीत जास्त घरे झाडून-पुसून, डागडुजी करून तयार असतील तिथून जाईल. गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली, गाडे भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि भलामोठा उंदीर होता. दिवाळी अंकात ही हकीकत सांगायला मिळाली, याचा मला आनंद आहे. अशी मिरवणूक आमच्या गावात निघाली तर ती कुठल्या गल्लीतून जाईल हा प्रश्न वेगळा.

आता आमच्या गल्लीकडे येतो. आमच्या पणजोबांनी विलायतेची नक्कल केलेली नाही. गरज तीच होती म्हणून उत्तर जवळपास तेच आले. बाजारपेठेत दर्शनी जागा महाग, म्हणून तोंड अरुंद आणि घर लांब. दोन खणांचे तोंड, मग कट्टा, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी आड असलेले परडे. भिंती जांभ्याच्या आणि मातीच्या, वर माळा. छप्पर आधी नळीच्या कौलांचे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. १८८० च्या दशकात आपल्या भागात रेल्वे आली. आणि मंगळुरी कौल आमच्या गल्लीत आले. लिव्हरपूलला पाटी जशी वेल्सहून आली तसे. सोप्यात दुकान किंवा माग, माजघरात संसार. आमच्या ओळीत आजही एक शिंपी, एक चक्कीवाला आणि एक सायकल दुरुस्त करणारा आपापल्या सोप्यात पोट भरतात. पाच मजली नकाशात या तिघांना कुठे जागा आहे, असे मी विचारले. उत्तर मिळाले, "सर, तळमजल्यावर पार्किंग आहे."

अंधार आहे, हा आक्षेप मला मान्य. माजघर अंधारे असते. त्याला काचेची कौले असतात. आमच्या वडिलांनी दोन बसवली होती, मी आणखी तीन बसवली. आता माजघरात दुपारी दिव्याशिवाय वह्या तपासतो. ओल आहे, हाही आक्षेप खरा. पण ओल आली कुठून? मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीला श्वास असतो. गेल्या चाळीस वर्षांत आम्ही सगळ्यांनी, मीही त्यात आलो, घर 'पक्के' करायचे म्हणून त्या भिंतींना सिमेंटचा गिलावा थापला. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद झाली. भिंतीला लोणा फुटला, पोपडे पडले. मग आम्ही त्यावर आणखी सिमेंट थापले. माझ्या घरी मी पाच वर्षांपूर्वी एका भिंतीचे सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करवून घेतला. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला चार महिने लागले. ती भिंत आज कोरडी आहे. बैठकीला आलेल्या सर्वांना मी ती हाताने चाचपून पाहायला बोलावले होते. आली फक्त शेजारची अव्वा.

अव्वाचे घर माझ्या उजवीकडे. मधली भिंत आम्हा दोघांची. त्यांची भाषा कन्नड, आमची मराठी, आणि गेल्या सत्तर वर्षांत गावात या दोन भाषांवरून काय काय झाले ते इथे पुन्हा उगाळत नाही. दगडफेकीच्या दिवसांत दोन्ही घरांची पुढची दारे बंद असत आणि परड्यातून दूध-भाजीची देवाणघेवाण चाले, एवढेच सांगतो. माझे वडील गेले ती रात्र पावसाची होती. घरात मी आणि आई दोघेच. आईने भिंतीवर मुसळाने तीनदा ठोकले. दुसऱ्या मिनिटाला अव्वा आणि तिचा मुलगा कंदील घेऊन परड्याच्या दारात उभे होते. नव्या इमारतीत प्रत्येक सदनिकेला दाराशी घंटी असेल, हे मला ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी ओळीतले टोकाचे घर एकाने विकले. घेणाऱ्याने ते उन्हाळ्यात पाडले आणि जागा तशीच ठेवली. शेजारच्या घराची जी भिंत शंभर वर्षे कुणाच्या तरी माजघरात होती ती एकाएकी उघड्यावर आली. मातीच्या भिंतीला पावसाची सवय नसते. आषाढात ती बसली. आत झोपलेली म्हातारी नशिबाने परड्यात गेली होती. त्या घराच्या मालकाने दाद मागितली तेव्हा त्याला ऐकवण्यात आले की तुमची भिंतच कच्ची होती. त्या वेळी गल्लीतले आम्ही बाकीचे काय करत होतो? आम्ही हळहळत होतो. मी स्वतः त्याला अर्ज लिहून दिला, शुद्धलेखन तपासून. त्या वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून पाडणाऱ्याला अडवले असते, निदान ताडपत्री टाकायला लावली असती, तर आज 'ही घरे धोकादायक आहेत' म्हणून त्याच पडक्या भिंतीचे छायाचित्र बैठकीत फिरले नसते. हो, फिरले. मोबाइलवर.

माझ्या विद्यार्थ्याला माझे काही प्रश्न आहेत. बारा घरांपैकी खरोखर किती भिंती धोकादायक आहेत, हे तू भिंत-भिंत तपासून लिहून देशील का? दुरुस्तीचा खर्च किती, हा आकडा तुझ्या कागदात का नाही? पाच मजल्यांना लागणारे पाणी कुठून आणणार, कारण आज नळाला एक दिवसाआड पाणी येते तेव्हा आमचे बारा आड कामाला येतात, आणि तुझ्या नकाशात ते बाराही बुजवलेले आहेत? उद्वाहन बिघडल्यावर पासष्टीच्या पुढच्या सात जणांनी चौथ्या मजल्यावर कसे चढायचे? आणि जे दोन भाडेकरू पन्नास वर्षे राहत आहेत, त्यांचे नाव यादीत कुठे आहे? तू हुशार आहेस. याची उत्तरे तुला देता येतील. ती पटण्यासारखी असली तर मी सही करीन. मी दगडाचा बनलेलो नाही, आणि सकाळी आडाचे पाणी शेंदताना माझेही खांदे दुखतात. पण उत्तरांशिवाय सही मागू नकोस.

माझ्याशी वाद घालायला मुंबईहून धाकट्या भावाचा फोन आला होता. तो म्हणाला, "दादा, तुझं घर तू सांभाळतोस म्हणून तुला प्रेम आहे. मला वर्षाला घरपट्टीची पावती येते." हे त्याचे म्हणणे मला लागले. त्याच्या हिश्श्याचे पैसे मी देऊ शकत नाही. निवृत्तीनंतर जे मिळेल त्यातून थोडे थोडे देईन म्हणालो, तर तो हसला. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. लिव्हरपूलच्या त्या बायकांनी जमीन एका विश्वस्त संस्थेच्या नावे केली; आमच्यात बाराजणांचे एकमत व्हायचे तर आधी कोर्टातले घर कोर्टातून सुटले पाहिजे.

पुढची बैठक तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आहे. आईच्या पेटीतून मी एक कागद काढून ठेवला आहे. पणजोबांनी आणि अव्वाच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी मिळून केलेला भिंतीचा करार. मजकूर मोडीत, खाली एक सही मोडी आणि एक कानडी. भिंत दोघांची, खर्च निम्मे-निम्मे, एकाने दुसऱ्यास विचारल्याविना खुंटीदेखील ठोकू नये, इथवर मला लागले. त्यापुढे दीड ओळ आहे, ती पाण्याने पुसट झाली आहे आणि माझे मोडी कच्चे. वाचकांपैकी कुणाला जुने मोडी चांगले लागत असेल तर त्यांनी त्या रविवारच्या आत आमच्या घरी यावे. चहा अव्वाकडे होईल, तिचे दूध चांगले असते.